पेटीवाल्याने बटणांचं अकॉर्डियन कसं उचलावं: रामोन आयालाच्या मागोमाग

आपल्याकडे अकॉर्डियन म्हटलं की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं वाद्य डोळ्यांसमोर येतं. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजलेलं, पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांच्या हातात पाहिलेलं. पेटीवाल्याला ते फारसं जड जात नाही, उजव्या हाताला सगळं ओळखीचंच असतं. मी लिहितोय ते वाद्य वेगळं. त्याला पट्ट्याच नाहीत. तीन ओळींत बटणं असतात, आणि एकाच बटणावर भाता दाबला तर एक सूर, ओढला तर दुसरा. मेक्सिकोच्या उत्तर भागात आणि नदीपलीकडच्या टेक्सासात हे वाद्य लग्नापासून बारपर्यंत सगळीकडे वाजतं. तिथल्या त्या संगीताला नोर्तेन्यो म्हणतात.

माझ्याकडे गोव्यात फोंड्याच्या बाजूची पोरं पेटी शिकायला येतात. कोणी भजनासाठी, कोणी गावच्या उत्सवी नाटकाला साथ करायला. त्यातल्या ज्यांचा हात बसलाय त्यांना मी हे वाद्य सुचवतो आणि ऐकायला एकच माणूस देतो, रामोन आयाला. 'अकॉर्डियनचा राजा' म्हणून तिकडे तो ओळखला जातो, पण मी त्याला निवडतो ते वेगळ्या कारणासाठी. हा माणूस मुळात साथीचा. गाताना दुसरा आवाज, हातात गाण्याच्या मधल्या जागा भरणारं वाद्य. पुढे उभं राहून गाणारे बदलत गेले, नाव मात्र आयालाचंच राहिलं. नाटकाच्या जाहिरातीत ज्यांचं नाव प्रकाशयोजनेच्याही खाली छापतात, त्या आपल्यासारख्या साथीदारांनी ही कारकीर्द नीट बघायला हवी.

वाद्य कुठलं घ्यायचं

तीन ओळींचं, ३१ बटणांचं डायटॉनिक अकॉर्डियन घ्या. होनरचं कोरोना टू हे त्यातलं नेहमीचं मॉडेल. होनर जर्मनीतल्या ट्रोसिंगेन गावची कंपनी, १८५७ पासूनची, सुरुवात माउथ ऑर्गनने केलेली. टेक्सासात ह्यूस्टनच्या गाबानेली कंपनीची चकचकीत, खडे जडवलेली वाद्यं मिरवतात. शिकायला त्याची काही गरज नाही.

विकणारा 'फा', 'सोल', 'मी' असली नावं सांगेल. बिचकू नका, पेटीच्या भाषेत करून घ्या. प्रत्येक ओळ म्हणजे एका पट्टीचं सप्तक. 'सोल'च्या वाद्यात बाहेरून आत अनुक्रमे पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी चार. 'फा'च्या वाद्यात पांढरी चार, काळी पाच, काळी दोन. 'मी'च्या वाद्यात पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन. बोटं तिन्हींत तीच राहतात, फक्त पट्टी बदलते. आपले पुरुष गायक काळी एक-दोनच्या आसपास गात असतील तर 'फा' बरं, त्यातली आतली ओळ तुमची होईल. बायकांच्या भजनी मंडळाबरोबर बसणार असाल तर आधी त्यांची पट्टी विचारा, मग वाद्य बघा. पेटीवर आपण सरकवून पट्टी बदलतो, इथे ते होत नाही. आठवडाभर ह्याच एका गोष्टीवर डोकं खाजवलं तरी चालेल, कारण एकदा घेतलं की पट्टी कायमची.

गोव्यात असं वाद्य दुकानात सहजी मिळत नाही. पण आपल्याकडे दर वाड्यावर कोणी ना कोणी बोटीवर असतोच. अमेरिकेच्या बंदरांना जाणाऱ्या बोटीवरच्या माणसाला सांगून ठेवलं की येताना घेऊन येतो. मात्र त्याला 'अकॉर्डियन आण' एवढंच सांगू नका, पट्ट्यांचं घेऊन येईल. कागदावर लिहून द्या: बटणं, तीन ओळी, पट्टी अमुक.

जुनं घेताना तीन गोष्टी तपासा. भाता बंद करून, कुठलंही बटण न दाबता, वाद्य एका हाताने वर धरा. भाता आपल्या वजनाने सरसर उघडायला लागला तर हवा गळतेय. मग एकेक बटण दाबून आणि ओढून वाजवा, दोन्ही दिशांनी. एकाच दिशेचा सूर मुका असेल तर त्या बाजूची रीड किंवा तिच्यावरचं चामडं गेलंय. शेवटी नाक लावा. ओल्या खोलीत पडून राहिलेल्या वाद्याचा वास लपत नाही.

डावा हात रिकामा राहू द्या

डाव्या बाजूला १२ बटणं असतात, खर्जाची आणि स्वरसंघाची. ती विसरा. हे मी आळसातून सांगत नाही, त्यामागे ९० वर्षांची परंपरा आहे.

एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक लोक टेक्सासात आणि मेक्सिकोच्या उत्तरेला येऊन राहिले, त्यांच्याबरोबर पोल्का, वॉल्ट्झ हे नाच आणि हे वाद्य आलं. अकॉर्डियनचं पेटंट १८२९ मध्ये व्हिएन्नात सिरिल डेमियानने घेतलेलं, म्हणजे वाद्य तसं ताजंच होतं. १९३६ मध्ये नार्सिसो मार्तिनेस नावाच्या वादकाने ध्वनिमुद्रिका काढायला सुरुवात केली. जन्म १९११ चा, रेनोसाचा. त्याने डाव्या बटणांना हात लावणं जवळजवळ सोडून दिलं आणि खर्ज व ताल सान्तियागो आल्मेइदाच्या बाहो सेक्स्तोवर सोपवला. बाहो सेक्स्तो म्हणजे १२ तारांचं, जोड्या-जोड्यांनी तारा असलेलं, गिटारपेक्षा खर्जातलं वाद्य. डावा हात मोकळा झाल्यावर उजव्याची चाल एकदम हलकी आणि टोकदार झाली. पुढच्या सगळ्यांनी हीच वाट धरली, आयालानेही.

तुमच्या डाव्या हाताला फक्त भाता सांभाळायचाय. आणि तेच अवघड आहे.

पेटीच्या भात्यात थोडी हवा साठून राहते. हात क्षणभर थांबला तरी सूर तुटत नाही. त्यामुळे आपल्याला डाव्या हाताचा विसर पडायची सवय असते. ह्या वाद्यात साठा नाही. हात थांबला की सूर थांबला, हात जोरात गेला की सूर ओरडला. आवाजाचा चढउतार, जोर, खटका, सगळं भात्यातून येतं. सुरुवातीला खुर्चीवर बसा, मांडी घालून नको. दोन्ही पट्टे खांद्यावर, भाता डाव्या मांडीवर. डाव्या अंगठ्याखाली एक वाऱ्याचं बटण सापडेल, ते दाबलं की आवाज न होता भाता उघडतो-मिटतो. गायक श्वास घेतो त्या जागी ते दाबायची सवय लावून घ्या. नाहीतर ओढीचे सूर जास्त आले की भाता हात पुरेल तिथवर उघडतो आणि ऐन समेवर हवा संपते.

पहिले काही दिवस एकच बटण, लांब सूर, तंबोऱ्याबरोबर. घरच्यांना कंटाळा येईल. येऊ द्या.

सूर कुठे लपलेत

आता मधल्या ओळीवर या. सा, ग, प हे सूर भाता दाबताना. रे, म, ध, नी ओढताना. एवढं पाठ झालं की अर्धं काम झालं. एका बटणावर सा-रे, पुढच्यावर ग-म, त्याच्या पुढच्यावर प-ध. पण चौथ्या बटणावर गाडी उलटते. तिथे दाबलं की वरचा सा आणि ओढलं की नी. त्यामुळे सरळ सप्तक म्हणताना दाब-ओढ, दाब-ओढ, दाब-ओढ, आणि मग ओढ-दाब. पेटीवाल्याचा हात इथे हटकून अडतो, कारण आपल्याला वर जायचं म्हणजे बोट उजवीकडे न्यायचं एवढंच ठाऊक. वरच्या सप्तकात तर ओढीचा सूर दाबाच्या सुराखालचा येतो. बोटांनी नव्हे, तोंडाने पाठ करा: मोठ्याने 'दाब सा, ओढ रे' असं म्हणत. आपण अलंकार घोकले ते असेच.

एका ओळीवर राहिलात तर प्रत्येक सुराला भाता उलटसुलट होतो आणि चाल उड्या मारत जाते. पोल्काला ती गंमत छान. संथ गाण्याला नाही. म्हणून दुसरी पायरी, ओळी ओलांडणं. बाहेरच्या ओळीचा म म्हणजे मधल्या ओळीचा सा, आणि मधल्या ओळीचा म म्हणजे आतल्या ओळीचा सा. ह्या नात्यातून बाकी सगळं निघतं.

हा धडा करून बघा. भाता दाबत दाबत, एकदाही न ओढता: प मधल्या ओळीवर, म आतल्या ओळीच्या सा वर, ग परत मधल्या ओळीवर, रे बाहेरच्या ओळीच्या प वर, सा मधल्यावर. झालं, प म ग रे सा एका दमात. आता उलट, नुसतं ओढत: नी आणि ध मधल्या ओळीवर, प आतल्या ओळीच्या रे वर, म मधल्यावर, ग बाहेरच्या ओळीच्या ध वर, रे मधल्यावर आणि सा बाहेरच्या ओळीच्या म वर. अख्खी अवरोही तान, भात्याच्या एका ओढीत. हे जमलं की पेटीवर घोटलेली सफाई परत मिळायला लागते.

रागांचं म्हणाल तर थोडं फार. आतल्या ओळीचा म हा मधल्या ओळीचा कोमल नी, आणि बाहेरच्या ओळीचा नी हा तिचा तीव्र म. दोन्ही ओढीचे. तेव्हा यमनाचा रंग, खमाजाचा रंग दाखवता येतो. मींड येत नाही, ती पेटीवरही कुठे येते.

कारकीर्द कुठल्या क्रमाने ऐकायची

शंभराहून जास्त आल्बम आहेत आयालाचे. यूट्यूबवर जे पुढे येईल ते ऐकत बसलात तर सगळं सारखंच वाटेल आणि तुम्ही सोडून द्याल. क्रम लावा.

आधी नार्सिसो मार्तिनेसचे दोन-चार पोल्का. फक्त अकॉर्डियन आणि बाहो सेक्स्तो, गाणं नाही. इथे कोण काय करतंय ते लख्ख कळतं.

मग लोस रेलाम्पागोस देल नोर्ते, म्हणजे उत्तरेच्या विजा. रामोन आयाला मूळचा मॉन्तेरेचा, जन्म ८ डिसेंबर १९४५, खरं नाव रामोन कोवारुबियास गार्सा. सीमेवरच्या रेनोसा गावात त्याची गाठ कोर्नेलिओ रेनाशी पडली. कोर्नेलिओ पाच वर्षांनी मोठा, बाहो सेक्स्तो वाजवायचा आणि पहिल्या आवाजात गायचा. १९६३ मध्ये दोघांनी ही जोडी उभी केली. आपल्याकडे मुक्तीनंतरची पहिली निवडणूक होऊन भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले ते हेच वर्ष. रामोन तेव्हा जेमतेम सतरा-अठराचा. पावलिनो बेर्नाल नावाच्या नावाजलेल्या अकॉर्डियनवादकाने त्यांना हेरलं आणि त्याच्या बेगो कंपनीने त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. मोठ्या वादकाने आपल्याच वाद्यातल्या पोराला पुढे आणावं, हे आमच्या क्षेत्रात रोज दिसत नाही म्हणून सांगतो.

ह्या काळातली गाणी ऐकताना गायकाकडे लक्ष देऊ नका. कान अकॉर्डियनवर ठेवा आणि ते कधी गप्प बसतं ते बघा. ओळ सुरू झाली की ते जवळजवळ नाहीसं होतं. ओळ संपता संपता, गायकाचा शेवटचा सूर अजून हवेत असतानाच, आत येतं, दोन-तीन ठसक्यात बोलतं आणि पुढचा शब्द यायच्या आत बाहेर. आपण भजनात काय करतो? गायकाच्या प्रत्येक सुराला चिकटून पेटी वाजवतो, आणि तो थांबला तरी वाजवतोच. गायकामागून सावलीसारखं जाणं ही आपली रीत आहे आणि तिची शोभा वेगळी. बोरीचे तुळशीदास बोरकर, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांची साथ ऐकून आम्ही ती शिकलो. पण नोर्तेन्योत ती रीत चालत नाही. शब्दावर वाजवलंत की शब्द मेला.

१९७१ मध्ये जोडी फुटली. कोर्नेलिओला मारियाची साथीने एकट्याने गायचं होतं, सिनेमात जायचं होतं, आणि तो गेलाही. १९९७ मध्ये तो वारला. इथे रामोनपुढे तोच पेच होता जो नाटक कंपनीतला मुख्य गायक नट निघून गेल्यावर पेटीमास्तरपुढे असतो: आता मी कोणाची साथ करू? त्याने त्याच वर्षी स्वतःचा संच काढला, रामोन आयाला इ सुस ब्रावोस देल नोर्ते. साथीदाराचं नाव पाटीवर आलं. (योगायोग बघा, आकाशवाणीने १९४० पासून पेटीवर घातलेली बंदी सैल केली तीही १९७१ मध्येच.) नंतर गायक आले आणि गेले. एलिसेओ रोब्लेस बरीच वर्षं पुढे उभा राहून गायला, मग त्यानेही आपला संच काढला. कॉर्पस क्रिस्टीच्या फ्रेडी रेकॉर्ड्सने आल्बमांमागून आल्बम काढले, ग्रॅमी मिळाले. लोक तिकीट काढत राहिले ते अकॉर्डियनच्या नावावर.

ब्रावोसच्या काळातली गाणी ऐकताना 'त्रागोस आमार्गोस' पासून सुरुवात करा, ते त्याचं फार गाजलेलं गाणं. दारूच्या कडू घोटांवरचं. सुरुवातीचा अकॉर्डियनचा तुकडा गती पाऊणपट करून, मग अर्धी करून ऐका. फोनमध्ये ती सोय आहे. शब्द कळायची गरज नाही. वाड्यावर कोणी जुन्या काळी पोर्तुगीज शिकलेलं असेल तर त्यांना स्पॅनिशचे बरेच शब्द लागतात. चहाच्या निमित्ताने त्यांच्याकडे बसा, अर्थापेक्षा उच्चार ऐकायला.

तुलनेला आणखी दोघं पुरे. सान अँटोनिओचा फ्लाको हिमेनेस, वडील सान्तियागोही ह्याच वाद्याचे नामांकित वादक. फ्लाको १९३९ चा, ३१ जुलै २०२५ ला गेला. रोलिंग स्टोन्सपर्यंत सगळ्यांबरोबर वाजवून आलेला. त्याचा हात खेळकर, सूर जास्त, मस्ती जास्त. आणि मॉन्तेरेचाच सेल्सो पिन्या, १९५३ ते २०१९, त्याने त्याच बटणांवर कुंबिया, म्हणजे कोलंबियाकडचं नाचाचं संगीत, वाजवलं. आमच्या पोरांना फ्लाको पहिल्या झटक्यात आवडतो. मी म्हणतो आवडू दे, पण हात आयालावर बसवा. कमी सुरांत काम भागवणारा गुरू आधी, बाकीचे मग.

पहिली जागा

आता एक जागा घेऊया. मधल्या ओळीवरच, दोन-दोन सूर एकदम. प आणि ग एकत्र, दाबून. म आणि रे एकत्र, ओढून. ग आणि सा एकत्र, दाबून. बस, तीन ठसके. प-ग, म-रे, ग-सा. दाब, ओढ, दाब.

सपाट वाजवलंत तर ते शाळेतल्या प्रार्थनेसारखं वाटेल. भात्याला मनगटातून छोटा धक्का द्या आणि बोट लगेच उचला, म्हणजे प्रत्येक ठसका कापल्यासारखा येईल. मधला म-रे किंचित उशिरा. शेवटचा ग-सा थोडा लांब, आणि गायक तोंड उघडायच्या आत बंद. एकाच वेळी दोन बटणं दाबताना दोन्ही सूर बरोबर उठले पाहिजेत. एक आधी, एक मागून असं झालं तर नवशिका लगेच ओळखू येतो. फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐका, वाजवताना ते कानाला कळत नाही.

मग हीच जागा वेगवेगळ्या ठेक्यात. पोल्का दोन मात्रांचा, आपल्या केरव्याच्या अंगाने पकडता येतो. वॉल्ट्झ तीन मात्रांचा, अर्धा दादरा समजा, पण पहिल्या मात्रेवर वजन जास्त. बोलेरो संथ, तिथे ओळी ओलांडायची तयारी हवी. एक जागा तीन ठेक्यांत जमल्याशिवाय दुसरीकडे वळू नका. मी पोरांना वळू देत नाही.

दुसरा आवाज आणि जोडीदार

आयाला गाताना बहुतेक दुसरा आवाज धरतो. मुख्य गायक चाल गातो, हा तिसऱ्या सुराच्या अंतरावरून बरोबर चालतो. ह्याचीच नक्कल अकॉर्डियनवरच्या दोन सुरांत असते. हे कानात बसल्याशिवाय वाद्यावर येत नाही, आणि आपल्या भजनात सगळे एकाच सुरात गातात, त्यामुळे कानाला सवय नसते.

गोव्यात ह्याची शाळा शेजारीच आहे. मांडो, म्हणजे संथ कोंकणी गाणी, ऐका. सासष्टीतल्या ख्रिस्ती घरांतून गातात त्यात दोन आवाज नेमके असेच समांतर जातात. इगर्जीतल्या (चर्चमधल्या) कोयरमध्ये, म्हणजे गाणाऱ्या मंडळींत, कोणी ओळखीचं असेल तर त्याला विचारून तालमीला मागे बसा. वरचा आवाज सोडा, खालचा पकडून गुणगुणा. पहिल्यांदा तुम्ही न कळत वरच्या आवाजाला जाऊन चिकटाल, सगळे चिकटतात. कान झाकून स्वतःचा सूर धरायची युक्ती कोयरची मंडळीच शिकवतील. मुखडा दोन आवाजांत, जवळ अकॉर्डियन, आणि भाषा मराठी: हे कसं लागतं ते मी आमच्या नाटकाच्या तालमीत पोरांकडून करून घेतलंय, छान लागतं.

बाहो सेक्स्तो इथे मिळायचं नाही. साधी गिटार चालेल, नाहीतर बारा तारांची मिळाली तर उत्तम. गिटारवाल्याला एवढंच सांगा: पहिल्या मात्रेला अंगठ्याने खर्ज, दुसरीला बाकीच्या तारा आणि लगेच हाताने दाबून आवाज बंद. तो मधे कलाकुसर करायला लागला तर थांबवा. घुमट, आपलं मातीच्या घड्याचं तालवाद्य, घ्यायचा मोह होतो, मलाही होतो, पण घुमटाची घुमार खर्जावर पसरते आणि सगळं गढूळ होतं. ब्रास बँडमधला एखादा पोर साधा ड्रम घेऊन आला तर जास्त चांगलं.

पावसाळा

जूनपासून आपल्याकडे चामड्याला बुरशी, लोखंडाला गंज, लाकडाला फुगवटा. पेटीचं हे आपण जाणतो, इथे दुप्पट जपायचं. रीडवर पातळ चामड्याच्या पट्ट्या असतात, त्या ओल्या हवेत वाकड्या झाल्या की सूर उशिरा उठतो. वाद्य पेटाऱ्यात, पेटाऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्या महिन्या-दोन महिन्यांनी बदलायच्या. पेटारा भिंतीला लागून जमिनीवर नको. रोज दहा मिनिटं वाजवलं तर आतली हवा फिरते, हाच सगळ्यात चांगला उपाय. उन्हाळ्यात बंद गाडीत अजिबात ठेवू नका. रीड मेणाने बसवलेल्या असतील तर मेण मऊ होऊन त्या सुटतात, आणि ते काम करणारा कारागीर इथे शोधायचा म्हणजे वनवास. पेटी दुरुस्त करणाऱ्याला दाखवाल तर आधी विचारा, एका सुराच्या दोन-तीन रीडमधली एक मुद्दाम किंचित चढी ठेवलेली असते हे त्याला ठाऊक आहे ना. नसेल तर तो सगळ्या 'सुरात' आणून देईल आणि वाद्याची थरथर जाईल.

लोकांसमोर

कला अकादमीच्या भजन स्पर्धेला हे घेऊन जाऊ नका. परीक्षक कपाळाला आठ्या घालतील आणि त्यांचं बरोबरच असेल. चवथीच्या रात्री आरत्या-फुगड्या झाल्यावर घरच्या मंडळींत वाजवा, उत्सवी नाटकात प्रवेश बदलताना वाजवा, लग्नात वाजवा. उभं राहून वाजवायची सवय आधी घरी करा, बसून आलेला तोल उभ्याने जातो. माइक उजव्या बाजूला, बटणांसमोर, हातभर लांब. जवळ नेला तर बटणांची टकटक सुरांपेक्षा जास्त ऐकू येते. ध्वनिव्यवस्थेवाल्याला घुमारा कमी करायला सांगा, आपल्या देवळांच्या सभामंडपांत मुळातच पुष्कळ असतो.

आणि शेवटची भैरवी ह्यावर नको. कोमल रे, ग, ध ह्या बटणांवर सलग, दोन्ही दिशांनी मिळत नाहीत. ती पेटीवरच. पेटीकडे वळायच्या आधी अकॉर्डियनचा भाता मिटून त्याचे दोन्ही बंद लावा, उघडा राहिला तर विंगेतून धावत येणारं कोणीतरी त्याच्यावर हटकून पाय देतं.